छताचं वय

“दा हद्दू, तुम्ही घातलेलं एखादं छत आजवर कोसळलंय का?”

तुदाने एका दमात विचारून टाकलं आणि मागे वळून पाहिलं. ओढ्याकाठी अक्रोड सोलत बसलेल्या रक्या आणि हन्नू एकमेकींच्या खांद्यांत तोंडं खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. “भौतिकशास्त्राच्या सरांना फळ्यावरची चूक दाखवलीस म्हणून महिनाभर नाकाने कांदे सोलतेयस ना? मग जा, छतवाल्या हद्दूला विचारून दाखव.”

विचारायची गोष्टच नव्हती ती. या डोंगरात छताचं वय काढत नाहीत. घर ऐकतं आणि मनाला लावून घेतं, असं म्हणतात. तुळईतून भुसा गळताना दिसला तरी पाहुणा मान खाली घालून चहा पितो. घरच्यांनी आपणहून विचारल्याशिवाय खुद्द कारागीरसुद्धा तोंड उघडत नाही.

दा हद्दू पॉपलरच्या खोडाची साल काढत होते. त्यांचा हात थांबला. आता कोयता उगारतील, निदान सात पिढ्यांचा उद्धार तरी करतील, म्हणून तुदाने पळायला एक पाय मागे घेऊनच ठेवला होता.

“तू बराहिमची पोर ना?”

“हो.”

“त्याने पाठवलं?”

“नाही. म्हणजे... मीच आले.”

“झोपतेस त्याच घरात?”

“शनिवार-रविवार. एरवी शाळेच्या वसतिगृहात असते.”

“मग घरचीच झालीस.” म्हाताऱ्याने कोयता खाली ठेवला. “अजून एकही कोसळलेलं नाही. पण एक कोसळणार आहे. तुमचं.”

तुदा आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं, की मागचं खिदळणंही थांबलंय.

“थट्टा करताय ना?”

“छताची कुणी थट्टा करतं?” त्यांनी गुडघ्यावरचे सालीचे तुकडे झटकले. “सव्वीस वर्षांपूर्वी घातलं मी ते. तुझ्या आजोबाला दारात उभं राहून सांगितलं होतं, अक्रोड उतरवून झाले की दर वर्षी वरचा जुना थर खरवडून काढ आणि मग नव्या मातीचा दे. त्याच्या कानात निम्मंच शिरलं. नवा दे.”

“आणि बाबा अजून देतायत.”

“इमानाने. तुझ्या बापाइतका इमानी माणूस अख्ख्या गावात नाही.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“विचारलं कुणी? चौदा वर्षं तुमच्या दारावरून जाताना मी पाय ओढत चालतोय, कुणीतरी हाक मारून विचारेल म्हणून. लोकांना वाटतं, हद्दू लंगडा झाला.”

त्यांनी कमरेचा लाल लोकरीचा दोर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. दारावर हा दोर दिसला, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव फावडी घेऊन त्या घरी येतं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

“पण बांधायचा घरधन्याने,” ते म्हणाले. “तू नाही. मी तर नाहीच.”

“बर्फाला किती दिवस आहेत?”

“गुडघे म्हणतायत, दोन आठवडे. आता घरी जा. धुराड्याच्या काठावरून हात आत घाल. मग तुळयांवर बोटाने ठोकून बघ. जितं लाकूड टणकन बोलतं.”

घरी बाबा अंगणात कपडे वर खोचून माती आणि भुसकट तुडवत होते. उद्याच्या थराची माती.

“आलीस? ये, तूही तुडव. शिकलेले पाय लागले तर माती जास्त चिकटेल!”

नेहमी ती असल्या टोमण्याला सवाई टोमणा मारून मातीत उडी घेत असे. आज ती थेट शिडीवरून वर गेली, धुराड्याच्या भोकाशी पालथी पडली आणि काठालगत हात आत सोडला. मनगट गेलं, कोपर गेलं. दंड गेला. काख काठाला टेकली तेव्हा कुठे बोटांना लाकूड लागलं. भोकाच्या कडेने थर स्पष्ट दिसत होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे, दोन पाकळ्यांमध्ये भुसकटाची बारीक पिवळी रेघ. खालून अकरावी रेघ तिच्या जन्माच्या वर्षीची. तिथून वर तिने एकेक रेघ बोटाने मोजली.

तिने काडीने धुळीत हिशेब मांडला. लांबी, रुंदी, हाताची खोली, ओलसर मातीचं वजन. उत्तर आलं. ते खोडून पुन्हा मांडलं. तेच आलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं गणित चुकावं असं तिला मनापासून वाटलं.

खालच्या खोलीत ती पेटीवर चढून एकेका तुळईवर बोटाच्या पेराने ठोकत गेली. टण. टण. टण. टण. पाचवी चुलीच्या बाजूची, बाबा ज्या मेंढीच्या कातड्यावर झोपत, बरोबर त्याच्या वरची. भद्.

तिच्या पापण्यांवर पोखरलेल्या लाकडाचं पिवळं पीठ सांडलं.

डोळे चोळताना तिला समोरच्या भिंतीवरचे खिळे दिसले. रोज दिसायचे, पण आज दिसले. पहिला त्या तुळईखाली. लहानपणी तिची पिशवी तिथे असायची आणि खाली अंथरूण. दुसरा तिथून दोन हातांवर. तिसरा आणखी पुढे. चौथा अगदी दाराशी. आता तिचं दप्तर त्यावर टांगलेलं होतं.

“खाली उतर.” इम्मा, तिची आई, दारात उभी होती. हातात केरसुणी.

“इम्मा, तुला माहीत होतं?”

इम्माने पेटीभोवतालचं पिवळं पीठ हलक्या हाताने गोळा केलं. सुपलीत भरलं. रोज सकाळी भरायची तसंच.

“तुला वाचायला उजेड लागतो,” ती म्हणाली. “दाराशी उजेड असतो.”

“चार खिळे, इम्मा!”

“हळू बोल, घर ऐकेल.” तिने चुलीजवळच्या कातड्याकडे पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. “त्यांनाही कितीदा म्हटलं, जागा बदला. म्हणतात, माझ्या बापाची जागा आहे.”

शिखरावर अजून ऊन होतं तेव्हाच तिघं चहाला बसली. बाबांच्या कोपरापर्यंत चिखल वाळला होता. ते जवाच्या भाकरीचा तुकडा तेलात बुडवत होते, त्यांच्याच जागेवर, पाचव्या तुळईखाली.

“बाबा, आपल्या छतावर या घडीला पन्नास खेचरं उभी आहेत.”

बाबांना ठसकाच लागला हसताना. “पन्नास? वर नेली कुणी एवढी?”

“तुम्ही. दर वर्षी दोन.”

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. इम्मा पेल्यात चहा ओतत होती. पेला भरला, काठावरून चहा तबकात सांडू लागला, तरी तिचा हात थांबेना.

“दा हद्दू म्हणाले, आजोबांनी निम्मंच ऐकलं. आधी खरवडायचं होतं.”

“घरात बसून असलं बोलू नये.”

“मग कुठे बसून बोलायचं? मातीच्या ढिगाऱ्यावर बसून?”

“तुदा!” इम्माने किटली खाली ठेवली.

बाबांनी भाकरीचा तुकडा परत टोपलीत टाकला. “शेवटच्या दिवशी माझ्या बापाने माझा हात धरला होता. बोलवत नव्हतं त्याला. एवढंच म्हणाला, थर चुकवू नकोस. मी एकही चुकवला नाही. उद्याही चुकणार नाही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तिला कळलं, की पन्नासांची शंभर खेचरं केली तरी उपयोग नाही.

तुदा उठली. दाराशी गेली. अंथरुणाची वळकटी बगलेत मारली, घोंगडी ओढली आणि चौथ्या खिळ्यावरचं दप्तर काढलं. इम्माने तोंडावर हात नेला आणि तो तिथेच राहिला. तुदाने तिसरा खिळा ओलांडला, दुसरा ओलांडला आणि बाबांच्या कातड्याला लागून अंथरूण पसरलं. पहिल्या खिळ्यावर दप्तर अडकवलं. धक्क्याने वरून चिमूटभर पीठ खाली आलं आणि बाबांच्या चहात पडलं.

बाबा पेल्यात बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू मान वर केली.

तिने लाल दोराची गुंडाळी दोन अंथरुणांच्या मधोमध ठेवली आणि मांडी घालून बसली.

“उद्या थर द्या, बाबा, मी माती तुडवायलाही येते,” ती म्हणाली. “पण आजपासून मी इथे झोपणार. सोमवारी वसतिगृहात जाणार नाही. हा दोर तुमच्या हाताने दारावर जाईपर्यंत माझी जागा हीच.”