आठ वर, चार उजवीकडे

उस्तादांच्या रायफलीवरच्या दुर्बिणीला दोन नॉब होते. वरचा फिरवला की गोळी वर-खाली सरकणार, बाजूचा फिरवला की डावी-उजवीकडे. पन्नास मीटरवर नॉबच्या एका क्लिकला साडेतीन मिलिमीटर, इतकं सोपं गणित. पण दोन्ही नॉबवर उस्तादांनी बायकोच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती, आणि ती काळ्या दगडावरची रेघ. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या डोळ्याने दुर्बीण झीरो केलेली, म्हणजे नेम धरावा तिथेच गोळी लागावी अशी जुळवलेली. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर उस्तादांनी रायफल धाकट्या लेकीला दिली. रेघेसकट.

धाकटीच्या गोळ्या खाली डावीकडे जायच्या. रोज, त्याच जागी, एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. अहो, हात हलत असता तर कागदभर सांडल्या नसत्या का? रायफलीच्या दस्त्यावर बाप गाल टेकवणार एका जागी, लेक दुसऱ्या. त्यांचा झीरो तिला कसा लागू पडावा? पण हे सांगायला गेलं की उस्तादांचं एकच पालुपद, "चूक हाताची असते, बंदुकीची नाही." मग ही वेडी तीन वर्षं काळं वर्तुळ सोडून वर उजवीकडे, कोऱ्या कागदावर, नुसत्या अंदाजाने नेम धरत राहिली. कधी साधायचं, कधी पार फसायचं. नेमबाजीच्या क्लबात बोभाटा झाला की उस्तादांच्या पोटी हे काय निपजलं.

आज क्लबच्या संघातली शेवटची जागा ठरायची होती. एक तर ती, नाहीतर दातांचा डॉक्टर. "आज जमलं नाही तर रायफल डॉक्टरला देऊन टाकतो," असं उस्तादांनी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरावाच्या पाच गोळ्या तिने काळ्याच्या मधोमध नेम धरून मारल्या. पाचही खाली डावीकडे. अठ्ठावीस मिलिमीटर खाली, चौदा डावीकडे. म्हणजे आठ वर, चार उजवीकडे. तिने वरच्या नॉबला बोटं लावली.

मागे खुर्चीत बसलेल्या उस्तादांना पहिला क्लिक ऐकू आला.

"हात काढ."

"नाही काढत, बाबा." ती मोजतच राहिली.

"रेघ मोडलीस."

"मोडली. गाल माझा, डोळा माझा, आणि रेघ तेवढी तुमची. तीन वर्षं तुमचा मान ठेवला, आज माझा ठेवते."

पुढची गोळी काळ्याच्या मधोमध लागली. त्यानंतरच्या निवडीच्या साठ गोळ्यांचं काय सांगायचं? डॉक्टर सात गुणांनी मागे पडला आणि आपली पेटी भरू लागला.

उस्तादांनी शाबासकी बिबासकी काही दिली नाही. रेंजप्रमुखांना विचारून ते गुडघे टेकत टेकत चटईवर आडवे झाले. "बघू दे, काय वाट लावलीस." पाच गोळ्या मारल्या. हात अजून पहिल्यासारखा, एका नाण्याखाली पाचही झाकल्या गेल्या असत्या. फक्त ते नाणं वर उजवीकडे ठेवावं लागलं असतं. उस्तादांनी दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांची बोटं आपसूक वरच्या नॉबकडे गेली.

धाकटीने नॉबवर तळहात ठेवला.

"राहू द्या, बाबा. चूक हाताची असते."

उस्तादांनी बोटांनी तिचा तळहात ढकलून पाहिला. तिने हात काढला नाही. तिलाही वाईट वाटत होतं, पण काढला नाही.

"दुर्बिणीची होती," शेवटी ते म्हणाले. "तीन वर्षं."

तेव्हा कुठे तिने हात उचलला.

"आठ खाली, चार डावीकडे," ती म्हणाली. "मोजून फिरवा. आणि झालं की नॉब परत माझ्या जागी आणून ठेवा."