वारसाच्या रकान्यात

इमाम कल्हईवाल्याला स्वतःचं घर नव्हतं, आणि बावन्न वर्षांचा होईपर्यंत त्याला त्याचं काही वाटलंही नव्हतं. वर्षातले आठ महिने तो गावोगाव फिरायचा. भाता, सांडशी, कथलाच्या कांड्या आणि नवसागराची पुडी तट्टावर लादून तो कागलकडून निघायचा आणि आजऱ्यापर्यंत जाऊन गारगोटीचं गाव तेवढं टाळून परत यायचा. पावसाळ्यात कोल्हापुरात गुंडूच्या खानावळीमागच्या पडवीत मुक्काम. भाड्याच्या बदल्यात खानावळीची सगळी भांडी चकचकीत करून द्यायची. बायको सुगरा लग्नानंतर चौथ्या वर्षीच वारली होती. मूलबाळ झालं नव्हतं.

त्या वर्षी फाल्गुनात एका गावच्या चावडीत तो तापानं पडला. साथीचे दिवस होते. गावातली माणसं वाईट नव्हती, पण भीती सगळ्यांनाच असते. पाण्याचा तांब्या आणि भाकरी लांब ठेवून ती मागं सरायची. चार दिवस त्याला कुणाचा हात लागला नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा तो भिंतीला धरून उठला, तट्टाला पाणी पाजलं आणि सरळ कोल्हापूरची वाट धरली. आता आपल्याला चार भिंती पाहिजेत, हे त्यानं वाटेतच ठरवलं होतं.

महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीत तेव्हा अजून मोकळी जागा पुष्कळ होती. पेठेच्या टोकाला नृसिंह मास्तरांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मास्तरांची बदली कागलच्या शाळेत झाली होती आणि घर विकायचं होतं. किंमत चारशे रुपये. इमामजवळ फिरून फिरून साठवलेले सव्वादोनशे होते. त्यातले पन्नास वरखर्चाला ठेवून बाकीच्या रकमेसाठी गुंडू त्याला एका पतपेढीत घेऊन गेला. अशा पेढ्या संस्थानात नुकत्याच सुरू झाल्या होत्या. घर तारण ठेवायचं, दोन जामीन द्यायचे आणि हप्त्यानं फेडायचं. गुंडू स्वतः जामीन राहिला, दुसरा त्यानंच मिळवून दिला. मास्तरांनी पन्नास रुपये विसार घेतला आणि कागद केला, की दिवाळीच्या आत सगळी रक्कम द्यायची. नाहीतर विसार बुडाला आणि घर दुसऱ्याला द्यायला मास्तर मोकळे.

श्रावणात कर्ज मंजूर झालं. मंजूर झालं म्हणजे मिळालं, असं इमामला वाटलं. पेढीचे चिटणीस हसले. म्हणाले, "अजून घराची पाहणी व्हायची आहे. मग कागद तपासायचे, मग कमिटीची सही. पैसे सुटतील तेव्हा बोलावणं धाडू. गावातच राहा."

गावातच राहा, हे सांगणं सोपं होतं. गणपती गेले, ऊन पडलं, रस्ते वाळले. दरवर्षी या दिवसांत तो पंचगंगेपलीकडं असायचा. प्रत्येक गावात कुणीतरी वाट बघायचं. "इमाम आला, भांडी काढा," असं ओरडत बायका बाहेर यायच्या. कुणी ताक द्यायचं, कुणी मुलीच्या लग्नाचं सांगायचं. या वर्षी तो पडवीत बसून होता. बोलावणं आलं आणि आपण नसलो तर, या धास्तीनं तो रंकाळ्यापर्यंतसुद्धा जाईना. गुंडू दिवसभर चुलीपुढं आणि गिऱ्हाइकांत. कोल्हापुरात पंचवीस पावसाळे काढूनही, गुंडू सोडला तर ज्याच्याकडं उगाच जाऊन बसावं असं माणूस आपल्याला नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

मग तो मास्तरांच्या घरासमोर जाऊन बसायला लागला. मास्तरांनी घर रिकामं करून कुलूप लावलं होतं. समोर बाभळीखाली एक सपाट दगड होता. त्यावर बसून तो घराकडं बघायचा. भट्टी परसात घालायची की पुढं, तट्टू कुठं बांधायचं, याचा विचार करायचा. तो विचार दोन-तीन दिवसांत संपला. तरी तो येऊन बसायचा.

शेजारच्या झुंबरबाईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दारातूनच विचारलं, "पावणं, कुनाकडं आलासा?"

"कुनाकडं न्हाय. हे घर घेतोय."

"घेतलंय?"

"घेतोय. पैसं सुटायचं हायती."

"मग बायकापोरं कवा येनार?"

"येतील की," तो म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घटस्थापनेच्या दिवशी बोलावणं आलं. धुतलेला सदरा घालून तो पेढीत गेला. पण चिटणिसांच्या पुढ्यात पैसे नव्हते, एक छापील कागद होता.

"सगळं झालंय. एवढा रकाना तेवढा राहिलाय. वारस कोण लावायचा?"

"वारस?"

"उद्या तुम्हाला काही झालं, तर घरावर हक्क कुणाचा? त्या माणसाची संमती लागते. तो उद्या येऊन म्हणायला नको, की घर तारण ठेवलेलं आम्हाला माहीत नव्हतं."

"माजं कुनी न्हाय, साहेब."

चिटणिसांनी चष्मा काढला. "भाऊ, बहीण, पुतण्या? आडनावाचं कुणीतरी असेलच की."

इमामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुन्हा घातली. मग म्हणाला, "भन हाय एक. गारगोटीला."

"मग झालं तर. तिचा अंगठा आणा, दोन साक्षीदारांसमोर. मी कागद लिहून देतो."

शहाजादी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तिचा नवरा मन्यार होता, गारगोटीच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बारा वर्षांपूर्वी अम्मा तिच्याच घरी वारली होती. इमाम तेव्हा आजऱ्याकडं फिरतीवर होता. निरोप्याला तो कुठल्याच गावात सापडला नाही. तो पोचला तेव्हा मातीला अकरा दिवस झाले होते. शहाजादीनं दार उघडलं, त्याच्याकडं बघितलं आणि लावून घेतलं. त्यानंतर त्या दारात तो गेला नव्हता.

आता तट्टावर ओझं नव्हतं, तरी तो चालतच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गारगोटीच्या बाजारात पोचला. दुकानात शहाजादीच बसली होती. एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. तिनं मान वर केली, त्याला बघितलं आणि पुन्हा खाली घालून उरलेल्या बांगड्या भरल्या. बाई गेल्यावर म्हणाली, "ये. बस."

पाणी दिलं. भाकरी आणि आमटी दिली. त्याचं जेवण होईपर्यंत ती बांगड्यांचे जोड लावत राहिली. तिच्या केसांत पांढरं आलं होतं. सुना आतून डोकावून गेल्या. त्यातल्या एकीनंही त्याला आधी बघितलेलं नव्हतं.

त्यानं कागद काढला आणि जमेल तसं सांगितलं. "मी मेलो तर घर तुजं. कर्ज राहिलं तर पेढी घर इकून वसूल करंल. तुज्याकडं कुनी मागाय यायचं न्हाय."

शहाजादी कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, त्यालाही नाही.

"बारा वर्सांनी आलास," ती म्हणाली, "आनि तुज्या मरनाच्या कागदावर अंगठा मागतोस व्हय रं, भाई?"

इमाम कागदाची घडी घालायला लागला.

"अम्मा चार दिस दाराकडं तोंड करून पडलीती. म्हनायची, भात्याचा आवाज आला का बग गं. म्या मानूस धाडला. त्यो इचारतोय, पत्ता काय सांगू? काय सांगनार? रस्ता?"

"म्हनूनच तर घर घेतोय, शाजू."

"आता कुनासाठी घेतोस?"

ती उठून आत गेली. इमामला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात ती नवऱ्याला आणि शेजारच्या शिंप्याला घेऊन बाहेर आली. नवऱ्यानं शाई आणली. शहाजादीनं अंगठा बुडवला आणि दाखवल्या जागी दाबून उठवला. मग पदराच्या टोकानं बोट पुसत म्हणाली, "जा आता. दिस हाय तवर वाट काप."

राहा, असं कुणी म्हटलं नाही. तोही थांबला नाही.

कागद पेढीत दिला तेव्हा दिवाळीला बावीस दिवस राहिले होते. आता कमिटीचे अध्यक्ष परगावी होते. इमाम रोज सकाळी पेढीच्या पायरीवर जाऊन बसायचा. चिटणीस आले की मान हलवायचे, नाही म्हणून. तो उठून बाभळीखाली जायचा. कागलहून मास्तरांची चिठ्ठी आली, ती गुंडूनं गिऱ्हाइकाकडून वाचून घेतली. दुसरा एक जण रोख पैसे घेऊन तयार आहे, पण दिलेल्या शब्दाप्रमाणे दिवाळीपर्यंत थांबतो, असं मास्तरांनी लिहिलं होतं. इमामला जेवण जाईना. घर मिळणार नाही याचं भय होतंच. पण विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की तो अंगठा फुकट जाईल याचं भय त्याहून मोठं आहे.

दिवाळीच्या आधी चार दिवस पैसे सुटले. ते त्याच्या हातात आलेच नाहीत. दस्ताच्या कचेरीत पेढीच्या माणसानं ते परस्पर मास्तरांसमोर मोजले, इमामनं आपले सव्वाशे ठेवले. आधीचे पन्नास मास्तरांकडं होतेच आणि उरलेले पन्नास त्यानं दस्ताला आणि हप्त्यांना राखले होते. अंगठे झाले. मास्तरांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "इमामभाई, मागल्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते. सुखानं राहा."

तो आधी गुंडूला सांगायला गेला. खानावळीत दुपारची गर्दी होती. "झालं? लई ब्येस!" गुंडू वाढता वाढता ओरडला आणि आमटीची बादली घेऊन पंक्तीत गेला. इमाम थोडा वेळ उभा राहिला, मग पडवीतलं सामान तट्टावर लादून घरी आला. दोन्ही खोल्या झाडल्या. कडी उचलून लावली. दोन्ही दारं उघडून मधल्या उंबऱ्यावर बसला. कुणी बोलत नव्हतं, आणि आता वाट बघण्यासारखंही काही नव्हतं.

दिवाळीनंतर तो पुन्हा फिरतीवर जाऊ लागला, पण जवळच्याच गावांत. आठवड्यानं का होईना परत यायचा. हप्ते वेळेवर भरले. गारगोटीला जाणाऱ्या गाडीवानाजवळ त्यानं निरोप धाडला, घर झालं म्हणून. उलट निरोप आला नाही.

चैत्रात एका सकाळी शहाजादी आली. नवऱ्याला कोल्हापुरात माल घ्यायचा होता, त्याच्याबरोबर गाडीनं आली होती. तो बाजारात गेला आणि ती पत्ता विचारत विचारत एकटीच पोचली. झुंबरबाईनं तिला दारात बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आलासा का एकदाच्या! कवाधरनं सांगत्यात, येतील म्हनून."

"मी भन हाय त्यांची," शहाजादी म्हणाली.

झुंबरबाई आत निघून गेली. इमामनं मान खाली घातली. शहाजादी उंबरा ओलांडून आत आली. ती दोन्ही खोल्यांतून फिरली, परसात डोकावली, कोनाड्यावरून हात फिरवला. इमामनं चहा केला. भांडी सगळी लखलखीत होती, पण कप एकच होता. तो तिला दिला आणि स्वतः वाटीतून प्याला.

"उजेड बरा हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठं हाय की रं तुला एकट्याला."

"व्हय."

दुपारी तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. गाडीत बसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "ताप-बीप आला तर निरोप धाड. पडून ऱ्हाऊ नको."

"धाडतो."

बैल निघाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. मग घरी आला, परसात भट्टी पेटवली आणि झुंबरबाईनं सकाळीच आणून ठेवलेली तिची दोन पातेली कल्हई करायला घेतली.