भिंतीवरची मोकळी जागा

मित्रांनो, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांमागे एक कोपरा आहे. तिथे मी राहतो. मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. पोटात दिवा, डोक्यावर आरसा आणि चालू झालो की पंख्याची घरघर. देखणा मी कधीच नव्हतो, पण कामाला वाघ होतो.

एका शाळेने मला मोडीत काढले आणि सुप्रभाताईंनी मला उचलून आणले. त्या मूळच्या नगरच्या, इथे नर्स होत्या आणि आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ चालवत. रविवारी दुपारी मुले जमत. माझ्या काचेवर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर ताई भजनाचे शब्द लिहीत, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मुलांना मराठी वाचता येत नसे. कागदाचा खालचा भाग मात्र त्या कोरा ठेवत. मुले येत, पेन उचलत आणि तिथे आपापली विनंती लिहीत. कुणाची परीक्षा, कुणाच्या बाबांचा व्हिसा. ते वेडेवाकडे अक्षर भिंतीवर उमटे आणि सगळे मिळून प्रार्थना करत. माझी काच शाईने बरबटून जाई. मला ते फार आवडायचे, खोटे कशाला बोलू?

२००४ साली पुण्याहून परीक्षित आला. सॉफ्टवेअरमधला, हुशार आणि मनाने अगदी निर्मळ. ताईंच्या ड्यूट्या वाढल्या तेव्हा संघ त्याने हाती घेतला. त्याने लॅपटॉप आणि नवा प्रोजेक्टर आणला. भजनांच्या मागे डोंगर आणि झरे दिसू लागले. मुले आ वासून पाहत राहिली. मी कोपऱ्यात गेलो आणि नव्याचे नऊ दिवस असे म्हणत स्वतःची समजूत घातली.

परीक्षित सगळे शुक्रवारीच तयार करी. भजने, बायबलमधली वचने, प्रार्थनासुद्धा. ऐनवेळी काही बदलायचे नाही, ही त्याची ऑफिसातली शिस्त.

एका रविवारी चौदा वर्षांची कस्तुरी त्याच्याजवळ गेली.

"परीक्षितदादा, माझी आजी नगरला हॉस्पिटलमध्ये आहे. प्रेयरमध्ये टाकशील?"

"अगं, स्लाइड्स फायनल झाल्यात. नेक्स्ट वीक नक्की टाकतो."

"ओके," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आजीचे नाव भिंतीवर सुरेख अक्षरांत झळकले, मागे सूर्योदय. कस्तुरी आली नव्हती. आजी गुरुवारीच गेली होती. हे सांगायला सुप्रभाताई आल्या, तेव्हा परीक्षितने लॅपटॉप मिटला.

"ताई, मी तर सगळं वेळेत करत होतो."

"सगळं तूच करून आणतोस रे. मुलांना करायला काही उरतच नाही."

आता हा मला पुन्हा कामासाठी बाहेर काढणार, असे मला वाटले. तसे झाले नाही. तो ताईंबरोबर कस्तुरीच्या घरी गेला आणि तिची माफी मागून आला. ती पुन्हा आली, त्या रविवारी त्याने भिंतीवर एक कोरी पांढरी स्लाइड लावली, लॅपटॉप मुलांच्या मधोमध ठेवला आणि स्वतः मागे जाऊन बसला. मग कस्तुरी उठली आणि तिने टाइप केले, "मम्मी रोज रडते. तिच्यासाठी."

मुले उठून तिच्याभोवती उभी राहिली. प्रार्थना त्यांनीच केली, अडखळत. मला कोपऱ्यातून सगळे दिसत होते. आपण तिथे नाही याचे वाईट त्या दिवशी वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अशा संघांचे पुढारी व्हाल. यंत्रे हवी तितकी नवी आणा, जुन्यांना जपा, मला भंगारात देऊ नका. पण दुःखात असलेल्या माणसाला पुढच्या आठवड्याचा वायदा करू नका.