सुळ्याशेजारचा दात

थोरल्याने केलेली कवळी ओळखायला दंतवैद्य लागत नसे. एखाद्या समारंभात चार म्हातारी माणसं एका बाकावर बसून हसली, की नवखा पाहुणा हमखास विचारी, "तुम्ही सख्खे भाऊ का हो?" सगळ्यांचे दात सारखे पांढरे, सारखे सरळ, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. थोरल्याला हे कौतुकच वाटे. निसर्गाने केलेल्या चुका आपण दुरुस्त करतो अशी त्याची समजूत होती, आणि निसर्गाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नव्हती.

कवळ्यांचं वर्कशॉप वडिलांचं. त्यांच्या मागे दोघा भावांनी ते एकत्र चालवलं. धाकट्याचं मत मात्र उलटं. तो गिऱ्हाइकाचा तरुणपणचा फोटो मागवून घेई आणि तेव्हा एखादा दात वाकडा असला, तर कवळीतही तो तस्साच वाकडा बसवी. "माणसाला त्याचंच तोंड परत द्यायचं, दादा. दुसऱ्याचं कशाला?" थोरला वाद घालत नसे. धाकटा जेवायला गेला की कच्च्या कवळीचे दात ज्यात रोवलेले असत ते मेण कोमट करायचा आणि तो दात गुपचूप सरळ करून ठेवायचा. आवाज नाही, भांडण नाही. पुष्कळ घरं याच तत्त्वावर चालतात.

मग एका सकाळी धाकट्याचं टेबल रिकामं दिसलं. त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं, आणि हे थोरल्याला कळलं ते एका दंतवैद्याने "अभिनंदन!" म्हटलं तेव्हा.

"सांगून गेला असता तर मी काय आडवा पडलो असतो?" असं तो भेटेल त्याला विचारी. पडला असता, हे भेटेल त्याला ठाऊक होतं. पण केसाने गळा कापला गेलेल्या माणसाशी कोण कशाला तपशिलात शिरेल!

त्याने घरात जाहीर केलं, "ज्याला त्याचा उंबरा चढायचाय त्याने खुशाल चढावा. माझा मग चढायचा नाही." बायको "बरं" म्हणाली. बहीण "बरं" म्हणाली. आईचा शब्द त्याने स्वतः जाऊन घेतला. त्यानंतर धाकट्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. भाऊ गेला तो गेला, पण उरलेलं घर मुठीसारखं आपल्या बाजूने उभं आहे, एवढ्या एका आधारावर थोरल्याला झोप लागे. अशी कित्येक वर्षं लागली.

आई बहिणीकडे राहायची. बहिणीची पन्नाशी उलटली होती, तरी तिला सगळे बेबीच म्हणत. थोरला दर रविवारी सकाळी जायचा. आई त्याने केलेली कवळी लावून खुर्चीत ताठ बसलेली असे. दुधात बुडवून बिस्किट खाई, कमी बोले, आणि बोललीच तर दात टकटक वाजत.

"वय झालं आता," थोरला म्हणे.

"झालं खरं," आई म्हणे. टक, टक.

त्या दिवशी बुधवार होता. एका दवाखान्यात तयार कवळी पोचवून थोरला परत निघाला होता. बायको तिच्या मावशीकडे गेलेली, घरी जेवण झाकून ठेवलेलं. बेबीचं घर वाटेतच, म्हटलं डोकावून यावं. हातात कामाची बॅग होती ती घेऊन तो जिना चढला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई खिडकीशी उभी राहून सफरचंद खात होती.

कुणाही मुलाला आनंद झाला असता. पण थोरल्याचा धंदा आड आला. कवळीवाली माणसं सफरचंद कापून खातात, बारीक फोडी करून, दाढेखाली घेऊन. अख्ख्या सफरचंदात पुढचे दात रोवून लचका तोडायचा, तर कवळी अशी बसलेली हवी की ती वेगळी आहे हे खुद्द हिरडीलाही कळू नये. अशी कवळी थोरल्याला आयुष्यात दोनदा जमली होती, आणि त्यातलं एकही तोंड आईचं नव्हतं.

"अगं बाई!" आई वळली आणि दचकून हसली.

वरच्या ओळीत डावीकडे, सुळ्याशेजारचा दात थोडासा वळून शेजारच्या दातावर चढला होता. आईचा खरा दात तसाच होता. लहानपणी ती रागावली की ओठातून आधी तो दिसे, मग चापट. थोरल्याने आईची कवळी केली तेव्हा तो सरळ केला होता आणि वर म्हणालाही होता, "बघ, या वयात तुझे दात सरळ झाले!"

जगात तो दात तसा बसवणारा माणूस एकच होता.

"हे काय आहे?" थोरला म्हणाला.

"सफरचंद," आई म्हणाली. एकही टकटक नाही.

बेबी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दादाला पाहिलं आणि तिची दातखीळच बसली. "तू? आज? पण फोन नाही आला," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी कधी फोन करून येतो?"

बेबीने आईकडे पाहिलं. आईने सफरचंदाकडे पाहिलं. थोरला वर्षानुवर्षं दर रविवारी न सांगता यायचा आणि दर रविवारी आई त्याचीच कवळी लावून तयार असायची. हा योगायोग त्याला आज पहिल्यांदाच जरा जास्त नीटनेटका वाटला.

"कुणाचा फोन, बेबी?"

"वहिनीचा," बेबी म्हणाली. "तू निघालास की एक मिस्ड कॉल देते. मग आम्ही… मग आई बदलून घेते."

थोरला खाली बसला. धाकटा गेला तेव्हा दगा देणारा एकच होता आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. आता हिशेब उलटा झाला. ज्या बायकोने त्याला दर रविवारी रुमाल आणून दिला, "आईंना नमस्कार सांगा" म्हटलं, तीच तो जिना उतरेपर्यंत फोन हातात घेऊन उभी असे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे त्याने हजारदा ऐकलं होतं. आपल्या आईकडेही तीच सोय असेल असं मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझी कुठाय?"

बेबीने कपाटातून वाटी काढून दिली. पाण्यात त्याची कवळी होती. त्याने ती रुमालाने पुसून उजेडात धरली. दाढांचे उंचवटे काल केल्यासारखे कोरे. चावून चावून दाढा झिजतात. या झिजल्या नव्हत्या. या दातांनी दुधातल्या बिस्किटापलीकडे काही खाल्लंच नव्हतं, त्यांनी फक्त रविवारची नोकरी केली होती.

सवयीने त्याने अंगठा आतल्या बाजूने फिरवला आणि थांबला. एका कडेला हलकेच घासून, पॉलिश करून गुळगुळीत केलेली जागा होती. हे काम त्याचं नव्हतं.

"हे कुणी घासलं?"

"टोचायची रे तिला," बेबी म्हणाली. "तासभर का होईना, रविवारी रक्त यायचं. मग त्यानेच एकदा…"

"माझ्या कामाला त्याने हात लावला? मला न विचारता?"

"तू त्याचे दात सरळ करायचास ते त्याला विचारून?"

"तू मध्ये बोलू नकोस!"

"मी कुठे बोलतेय? इतकी वर्षं बोलले का?" बेबीचा आवाज चढला. "तुझा रविवार, त्याचा बुधवार. दोघांच्या वाट्या वेगळ्या, कपाटाचे कप्पे वेगळे. दोन सवती सांभाळणं सोपं गेलं असतं मला!"

थोरला आईकडे वळला. आवाज त्याचा बारीक झाला होता. "बाकीच्यांचं सोड. तू मला शब्द दिला होतास, आई."

"नव्हता दिला."

"आई! याच खोलीत. मी विचारलं, त्याच्याकडे जाणार नाहीस ना? आणि तू मान हलवलीस."

"मान हलवली. बोलले का काही?" आई शांतपणे म्हणाली. "बोलणार कशी? तू माझ्या तोंडात मेण घातलं होतंस."

थोरल्याला आठवलं. कवळीसाठी वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा टेकतो त्याचं माप लागतं. गरम मेणाची पट्टी हिरड्यांमध्ये धरून तोंड मिटायला सांगायचं आणि मेण घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही. धाकटा गेला त्याच आठवड्यात त्याने आईचं माप घेतलं होतं. एका खेपेत दोन कामं होतील म्हणून शपथही तेव्हाच घेतली होती. काटकसरी माणूस!

"तुझा हात माझ्या हनुवटीला," आई सांगू लागली, "डोळे असे लाल. आणि विचारतोस, जाणार नाहीस ना? मला ओरडून सांगायचं होतं की मेल्या, तोही माझ्याच पोटचा आहे. पण तोंडात मेण. जबडा आवळून मान हलवली, कशी हलवली मलाच माहीत नाही. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, तेही नाही. तू म्हणालास, शाब्बास. आणि त्याच मापाचे दात केलेस."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिपाणी तेवढी वाजत राहिली.

थोरला मनात धंद्याचं गणित करत होता. माणूस रागात किंवा भीतीत दात आवळतो तेव्हा खालचा जबडा पुढे सरकतो. त्या मापावर केलेली कवळी टोचणारच, वाजणारच. शिकाऊ मुलालाही हे ठाऊक असतं. दंतवैद्यांच्या मापांतल्या चुका तो फोनवरून ओरडून दाखवत असे, आणि स्वतःच्या आईच्या मापात भांडण भरून घेऊन आला होता. एका माणसाला किती जणांनी फसवावं, याला काही मर्यादा असावी. बायको, बहीण, आई, भाऊ, आणि आता स्वतःचा हात.

"बस," तो एकदम म्हणाला आणि बॅग उघडली.

"काय करतोयस?"

"माप घेतोय. आत्ताच्या आत्ता. माझी कवळी बसत नाही म्हणजे काय! बेबी, पाणी गरम कर. आधी माप, मग शब्द. या वेळी तोंड रिकामं झाल्यावर विचारणार आहे, पळवाट नको."

"तुझे बाबाही असेच होते," आई खुर्चीत बसत म्हणाली, आणि धाकट्याची कवळी काढून पदराला पुसून मांडीवर ठेवली. "पण ते निदान आधी जेवायचे."

थोरल्याने पट्टी गरम पाण्यात मऊ केली, आईच्या तोंडात बसवली, हनुवटीला हात लावला. "मीट तोंड. सावकाश."

तेवढ्यात दार लोटलं गेलं. "आई, ती वरची कड अजून लागते का गं?" म्हणत धाकटा आत आला आणि चपला काढता काढता थबकला. केस बरेच पांढरे झाले होते त्याचे. थोरल्याला हेही कुणी सांगितलं नव्हतं.

थोरल्याने मनात बरीच वर्षं एक भाषण तयार ठेवलं होतं. पण त्याचा एक हात आईच्या हनुवटीला, एक कपाळाला, आणि मेण मऊ. ओरडलं तर आई हलणार. तो दात ओठ खात उभा राहिला. धाकटा भिंतीला टेकला. बेबी पाण्याचं भांडं धरून, जणू त्यात सगळ्यांचा जीव आहे.

"जबडा पुढे येतोय तिचा," धाकटा हळूच म्हणाला.

"बेबी, त्याला सांग, मला दिसतंय."

"त्याला दिसतंय," बेबी म्हणाली.

"मग म्हणावं, तिला गिळायला सांग. गिळताना आपसूक मागे जातो."

"त्याला सांग, मी हे काम तो लंगोटात होता तेव्हापासून करतोय." थोरला क्षणभर थांबला. "आई, गीळ."

आईने गिळलं. जबडा मागे सरकून जागेवर बसला, हाताला स्पष्ट कळलं. थोरल्याने मेण घट्ट होईपर्यंत धरून ठेवलं, मग अलगद काढलं आणि नळाखाली धुतलं. माप उत्तम आलं होतं.

"हं," आई रिकाम्या तोंडाने म्हणाली. "आता विचार काय विचारायचं ते. तोही आहे समोर."

थोरल्याने मेण उजेडात फिरवून पाहिलं. कपड्यात गुंडाळलं, डबीत ठेवलं, डबी बॅगेत ठेवली, बॅगेची चेन लावली. या सगळ्याला खरं तर एवढा वेळ लागत नाही. उत्तर काय येणार हे त्याला आता पक्कं माहीत होतं, आणि विचारलं नाही तोवरच आई त्याची होती.

"बेबी," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्याला म्हणावं, सुळ्याशेजारचा तो दात किती वळवलाय ते मला सांगून ठेव."

बेबीने तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "सांगता नाही येत, दादा. बोटाला कळतो. शेजारी बसून दाखवावा लागेल."

'दादा' थेट आलं होतं, बेबीला वळसा न घालता.

"मग राहू दे," थोरला म्हणाला आणि दाराशी जाऊन स्टुलावर बसला. एक बूट पायात चढवला, नाडी बांधली. दुसरा हातात घेतला.

मागे कुणी "थांब" म्हणालं नाही, कुणी "जा" म्हणालं नाही. आईने दात लावले, खिडकीतलं अर्धं सफरचंद उचललं आणि करकर आवाज करत खाऊ लागली. दुसरा बूट घालावा की पहिला काढावा, हे सांगायला एकही माणूस पुढे येईना. आणि या घरात थोरल्याला न सांगितलेल्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली.