एमेटचा भाव

"माणसाची किंमत तो पुढे किती धावतो यावर ठरत नाही. मागे किती खंबीर उभा राहतो, यावर ठरते! मोठमोठी साम्राज्यं बुडाली ती बचावाकडे दुर्लक्ष केल्यामुळे!"

असं वॉल्टर ह्रिकायने गावातल्या आइस हॉकीच्या रिंकच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मूठ आपटल्यामुळे फाशांचं भांडं कलंडलं, फासे घरंगळत बाहेर आले, दोन्हींवर एकेक ठिपका पडला आणि आमच्या नियमाप्रमाणे अख्ख्या टेबलाची कॉफी वॉल्टच्या गळ्यात पडली. साम्राज्यांचा विषय तिथेच राहिला.

"हात मुद्दाम नव्हता लागला," वॉल्ट म्हणाला.

"बचावाकडे दुर्लक्ष, दुसरं काय," लॉर्न फॉसम म्हणाला आणि त्याने आणखी एक कप मागवला.

लॉर्न हा वॉल्टचा शेजारी. एवढं सांगितलं की वॉल्टच्या आयुष्याची निम्मी कहाणी सांगून झाली. वॉल्टने ट्रॅक्टर घेतला की त्याच महिन्यात लॉर्नच्या अंगणात त्याहून मोठा ट्रॅक्टर उभा राहायचा. वॉल्टच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तर लॉर्नचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला. एका वर्षी गारपिटीने वॉल्टचा गहू झोपवला आणि ढग बरोबर लॉर्नच्या कुंपणापाशी येऊन वळला. हे वॉल्ट ढगाला माफ करू शकला असता. पण लॉर्न त्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाला होता, "वाईट झालं रे." ते मात्र त्याला माफ करता आलं नाही.

आता दोघांनी शेती सोडली होती, ट्रॅक्टर विकले होते, मुलं दूर गेली होती. जळायला काही उरलं नाही असं वाटत होतं, तेवढ्यात डनविक एल्क्सने दोघांच्या घरी एकेक बचावपटू राहायला पाठवला.

एल्क्स म्हणजे आमच्या गावाचा आइस हॉकीचा संघ. पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, लांबलांबच्या गावांहून येतात आणि हिवाळाभर गावातल्या घरांत घरच्यासारखी राहतात. तुमच्या घरी जो पोरगा, तो तुमचा. त्याला जेवू घालायचं, पहाटे उणे तीस अंशांत त्याची गाडी सुरू होत नसली तर शिव्या देत ढकलायची, आणि कुणी त्याच्या खेळाला नाव ठेवलं तर त्या माणसाशी वसंत ऋतूपर्यंत बोलायचं नाही.

लॉर्नकडे आला कीगन वीब. सहा फूट पाच इंच, खांदे धान्याच्या कोठारासारखे. वॉल्टकडे आला एमेट सॉव्हे. बुटका, चपळ, चष्मेवाला. खेळताना चष्मा काढायचा, त्यामुळे त्याला चकती, म्हणजे या हॉकीतला चेंडू, दिसते की तो नुसता अंदाज बांधतो, यावर गावात दोन तट होते.

"पुन्हा!" एमेट पहिल्या दिवशी गाडीतून उतरला तेव्हा वॉल्ट माझ्या कानात पुटपुटला होता. "बघितलंस? इथेही त्याला मोठाच मिळाला!"

पण महिन्याभरात हाच एमेट रविवारी वॉल्टच्या बायकोच्या, व्हर्नाच्या शेजारी बसून पिरोगी करू लागला. पिरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या कडा दाबायच्या असतात त्या. वॉल्टच्या सख्ख्या मुलांना ते कधी जमलं नाही. एमेटने चिमटलेली कड उकळत्या पाण्यात कधी सुटली नाही. "हात बघ पोराचे," वॉल्ट येईल त्याला सांगायचा. "असे हात सहा फूट पाच इंचांना असतात का?"

सगळं असंच गोडीत चाललं असतं, पण ख्रिसमसच्या आधी आमच्या संघाचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू खांद्याचं हाड मोडून बसला. बर्फावर नव्हे, दुकानाच्या पायऱ्यांवर. आता दुसरा गोल करणारा आणायचा तर दुसऱ्या संघाला बदल्यात काहीतरी द्यायला हवं. आणि एल्क्सकडे देण्यासारखे दोनच दागिने होते: कीगन आणि एमेट. अदलाबदलीची मुदत होती दहा जानेवारी.

एल्क्सचा व्यवस्थापक रेग टॉल्मी. रेग कुणाला सल्ला विचारत नाही. तो रोज सकाळी आमच्या मागच्या टेबलावर पाठ करून बसतो, सफरचंदाचा गोड ॲपल पाय खातो आणि ऐकतो. आम्ही त्याला ऐकू जावं म्हणून बोलतो. तो ऐकत नसल्यासारखं दाखवतो. अशा रीतीने संघाचा कारभार तीस वर्षं सुरळीत चालला आहे. म्हणजे, तीस वर्षं आम्ही काही जिंकलेलो नाही.

तर मुदत जवळ येऊ लागली तशी आमच्या टेबलावर चर्चा तापली. कोणाला जास्त भाव येईल?

"कीगन," लॉर्न म्हणाला. "चकती अडवायला त्याला हलावंही लागत नाही. आणि उंची काही शिकवून येत नाही, वॉल्ट."

"नाही. आणि मठ्ठपणा शिकवून जात नाही," वॉल्ट म्हणाला. "परवा तुझा कीगन आपल्याच गोलकीपरवर आपटला. गोलकीपर अजून विचारतोय, आज वार कुठला."

"तो अंगाने खेळतो."

"माझं कपाटही अंगानेच खेळतं!"

आम्ही हसलो. मागच्या टेबलावर रेगचा काटा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. ते वॉल्टने पाहिलं आणि त्याला चेव चढला. त्या दिवसापासून तो रोज तयारी करून येऊ लागला. एमेट किती पास अचूक देतो, मागे वळून उलटा किती वेगात घसरतो, अठराव्या वर्षी किती समजूतदार आहे. "येत्या तीन वर्षांत हा कुठे असेल सांगा! आज जो संघ त्याला घेईल तो नशीबवान!" बोलता बोलता वॉल्टचा आवाज एवढा चढायचा की रेगला ऐकण्यासाठी कॅन्टीनमध्ये बसायचीही गरज नव्हती, घरून ऐकू आलं असतं.

आणि मग एक चमत्कार झाला. लॉर्न गप्प बसू लागला. आधी गप्प, मग चक्क मान डोलवू लागला.

"तुझं पटतंय मला, वॉल्ट," तो एका सकाळी म्हणाला. "एमेट खरंच मोठा माल आहे. माझा कीगन काय, भिंत आहे. भिंतीला कोण विचारतो?"

वॉल्टचा चेहरा असा उजळला, जणू पन्नास वर्षांपूर्वीचा तो ढग मागे फिरून लॉर्नच्या शेतावर बरसला होता. त्या दिवशी त्याने फासे न टाकता सगळ्यांची कॉफी स्वतःहून दिली. लॉर्नने केकचा तुकडाही घेतला.

संध्याकाळी मी वॉल्टकडे होतो. पिरोगींचा वास आला की माझी गाडी आपोआप त्यांच्या दारात थांबते, त्याला माझा इलाज नाही. एमेट सरावाला गेला होता. वॉल्टने बायकोला विजयाची बातमी दिली.

"लॉर्नने मान्य केलं! सगळ्यांसमोर! आपला जास्त भावाचा!"

व्हर्नाने लाटणं खाली ठेवलं.

"वॉल्टर, बाजारात आधी कुठली गाय जाते?"

"आता गाय कुठून आली?"

"चांगली जाते. जिची सगळे वाखाणणी करतात ती जाते. भाकड गोठ्यात राहते. तू महिनाभर रेगच्या कानाशी बसून आपल्या पोराची वाखाणणी करतोयस. आणि लॉर्नला ते कधीच कळलंय म्हणून तो तुझ्या सुरात सूर मिळवतोय. त्याला त्याचा पोरगा घरात ठेवायचाय."

वॉल्ट खुर्चीत बसला. म्हणाला, "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

माझ्याकडे पाहून म्हणाला. माझ्या तोंडात पिरोगी होती.

दुसऱ्या दिवशी दहा जानेवारी. वॉल्ट सगळ्यांच्या आधी कॅन्टीनमध्ये हजर. रेग पाठ करून बसलेला. वॉल्टने घसा साफ केला.

"एमेटचं काही खरं नाही," तो भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "गुडघा दुखतो. डावा. कधी कधी उजवा. नजर तर जवळजवळ गेलेलीच आहे. परवा माझ्या कुत्र्याला गुड मॉर्निंग म्हणाला."

"कुत्र्याला सगळेच म्हणतात," मी म्हणालो. मला गप्प बसायला हवं होतं.

"उलटं घसरतानाही त्याचा तोल जातो! आणि पास? आंधळ्याने दगड मारावा तसा!"

रेगचा काटा थांबला. मला वाटलं, वॉल्टने बाजी मारली. एवढ्यात लॉर्नने साखर ढवळत, अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "म्हणजे मग माझा कीगनच सरस. हो ना, वॉल्ट?"

उत्तर एका अक्षराचं होतं. 'हो.' एवढं म्हटलं की एमेट रविवारी व्हर्नाच्या शेजारी बसून कडा चिमटणार होता. वॉल्टलाही ते ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. त्या टकलाखाली ट्रॅक्टर, दाताचा डॉक्टर आणि तो ढग एकामागून एक जाताना मला दिसले.

"सरस?" वॉल्ट अखेर ओरडला. "तो खांब? एमेट एका पायावर, डोळे बांधून, पाठीवर व्हर्नाला घेऊन त्याच्यापेक्षा चांगला खेळेल! असे दहा कीगन दे, मी एमेटचा एक चष्मा देणार नाही!"

रेगने ॲपल पायचा शेवटचा घास संपवला, तोंड पुसलं, टोपी घातली आणि फोन करायला बाहेर गेला.

दुपारपर्यंत गावभर झालं. एमेट सॉव्हे सात तास अंतरावरच्या कॉर्विन फॉल्सला, आणि बदल्यात तीस गोल करणारा एक आघाडीचा खेळाडू आमच्याकडे. एमेटने रडू दाबत बॅग भरली, व्हर्नाने दाबलं नाही. वॉल्टने गाडीच्या खिडकीतून आत हात घालून त्याच्या टोपीवर दोनदा थापटलं आणि म्हणाला, "तिकडे चष्मा घालून खेळ." गाडी वळणापलीकडे गेल्यावरही तो हात तसाच वर धरून उभा होता.

रविवारी दुपारी तो बर्फ तुडवत कुंपणाशी गेला. व्हर्नाच्या सांगण्यावरून मीही मागोमाग गेलो, मारामारी झाली तर सोडवायला. लॉर्न पायवाटेवरचा बर्फ उपसत होता. फावडं टेकून उभा राहिला.

"वाईट झालं रे," लॉर्न म्हणाला.

वॉल्टच्या कानांना रंग चढला.

"तीस गोल!" तो म्हणाला. "माझ्या पोराच्या बदल्यात तीस गोल आले. तुझ्याच्या बदल्यात कुणी जुनी काठीसुद्धा दिली नसती. लिहून ठेव."

"नसती दिली," लॉर्न म्हणाला.

लॉर्नच्या खिडकीत कीगन उभा होता, खांदे पाडून. एमेट त्याचा बर्फावरचा जोडीदार होता, हे आमच्या महिनाभराच्या चर्चेत कुणाच्याच बोलण्यात आलं नव्हतं. वॉल्टने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बुटाने कुंपणाच्या खांबावरचा बर्फ पाडला.

"व्हर्नाच्या हातून सवयीने जास्त पिरोगी झाल्यात," तो म्हणाला. "त्याला जेवायला पाठवतोस का? आणि आमचं दार बुटकं आहे, वाकून ये म्हणावं."