घंगाळातले गढूळ पाणी

मी एक जुने पितळी घंगाळ आहे. मित्रांनो, तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीचे वळ अजून माझ्या पाठीवर आहेत.

चर्चमध्ये आले तेव्हा वाटले, आता मेणबत्त्यांच्या शेजारी मान मिळणार. कुठले काय! झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला फरशी पुसायच्या पाण्यासाठी नेले. वर्षातून एकदाच, पवित्र गुरुवारी, त्या मला राखेने लख्ख घासून वेदीसमोर ठेवत. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून म्हातारे फादर बारा जणांचे पाय धूत.

गंमत अशी, की ते बाराही जण घरूनच पाय धुऊन येत. नखे कापून, टाचा घासून, वर तेलसुद्धा लावून! चारचौघांत शोभा नको. फादरांना धुवायला काही उरतच नसे आणि माझ्यातले पाणी होते तसेच नितळ राही. मला त्याचा केवढा तोरा होता!

एका वर्षी बारावा माणूस आजारी पडला आणि खुर्ची रिकामी राहिली. फादरांची नजर दाराजवळ उभ्या असलेल्या फावडेमामांवर गेली. कबरी खणणाऱ्या त्या माणसाला मुलांनी ठेवलेले हे नाव. कधी ना कधी सगळ्यांना त्यांच्याच हाताखालून जायचे होते, म्हणूनच की काय, त्यांच्या बाकावर कोणी बसत नसे.

“या मामा, बसा,” फादर म्हणाले.

“नको फादर. कामावरून तसाच आलोय. पाय बघण्यासारखे नाहीत.”

“असू देत. या.”

मामा मान खाली घालून बसले. पहिला पाय धुताच माझे पाणी चिखलाने गढूळ झाले. दुसऱ्या पायाला चिंधी बांधलेली होती. तो त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला. फादरांनी तो हलकेच पुढे घेऊन चिंधी सोडली. फावडे लागून झालेली जखम चिघळली होती. पुढच्या बाकावरच्या बेकरीवाल्या काकूंनी नाकाला रुमाल लावला.

“अहो, कुणाला सांगितलं का नाहीत?” फादरांनी विचारले.

“काम गेलं असतं,” मामा पुटपुटले. “एका पायावर कोण खणू देईल?”

फादरांनी मावशींना खूण केली. त्यांनी स्वच्छ पाणी आणून दिले. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावे तसे फादरांनी ते पाऊल धुतले, टिपले आणि खाली वाकून त्याचे चुंबन घेतले. मित्रांनो, मी पितळेचे, पण मीही थरारले. प्रभू त्या रात्री किती खाली वाकला असेल, ते मला तेव्हा कळले. इतकी वर्षे माझ्या नितळ पाण्यात ते कधी दिसले नव्हते.

बेकरीवाल्या काकू उठल्या, फरशीवर बसल्या आणि नाकावरचा तो रुमाल बाजूला ठेवून त्यांनी पर्समधून दुसरा, कोरा रुमाल काढला. जखमेवर तो बांधत म्हणाल्या, “चला, दवाखान्यात जाऊ. पाय बरा होईपर्यंत आमचा थोरला खणेल.”

थोरल्याने निमूट मान डोलावली. आईपुढे त्याचे काय चालणार?

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता.

पुढच्या वर्षी बाराही जण कामावरून तसेच आले. गवंड्याच्या पायांना चुना, बेकरीवाल्याच्या पायांना पीठ, गॅरेजवाल्याच्या पायांना काळे वंगण. पाणी बदलता बदलता मावशी दमल्या आणि फादर गालातल्या गालात हसत राहिले.

आता फादर नाहीत. त्यांची कबर मामांनी खणली, आपल्या दोन्ही पायांवर उभे राहून.

मला आता पोचे पडले आहेत. तरी मला अडगळीत टाकू नका, एवढेच मागणे. पवित्र गुरुवार आला की मला घासा, लख्ख करा. तुम्ही मात्र येताना पाय धुऊन येऊ नका.