कोपऱ्यातली राखण

दुपारच्या चहाआधी ऋतुजानं पर्समधून मोबाइल काढला, एका कानात इयरफोन खुपसला आणि टेबलाखाली धरून घरच्या कॅमेऱ्यातून हॉल उघडला. दिवसातून असं ती किती वेळा करायची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेजारच्या टेबलावरची वैजयंती म्हणायची, "अगं, पोरगी आजीजवळ आहे, विहिरीच्या काठावर नाही." ऋतुजा ओशाळं हसायची आणि पुन्हा बघायची.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या हॉलमध्ये पंखा गरगरत होता. सोफा रिकामा होता, कारण त्यावर बसलं की केराबाईंची पाठ धरायची. त्या फरशीवरच सोफ्याला टेकून, दुखरा गुडघा लांब पसरून बसल्या होत्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला, हातात गेमचा रिमोट. शेजारी चार वर्षांची पिंकी उभ्याउभ्याच उड्या मारत होती. समोर टीव्हीवर एक पांढऱ्या केसांची दणकट बाई आणि एक उघडाबंब गडी एकमेकांवर धावून जात होते.

"धर की त्याला, आज्जे!"

"धरायचं न्हाय गं. निसटू द्यायचं न्हाय."

ऋतुजानं मोबाइल पालथा ठेवला. चहा आला, पण तो तिला गोड लागला नाही.

केराबाई म्हणजे ऋतुजाच्या सासूबाई. त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना आत्या म्हणे. सारा जन्म वळसंगच्या माळावर शेळ्यांमागं गेलेला. गेल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला, शेळ्या विकाव्या लागल्या आणि धाकट्या बिरुदेवानं, ऋतुजाच्या नवऱ्यानं, आईला शहरात आणलं. बालवाडी सुटल्यावर पिंकी आजीकडं राहू लागली, म्हणून तर ऋतुजाला पुन्हा नोकरी धरता आली. आत्या नसत्या तर ते जमलंच नसतं. हे ऋतुजाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्या आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं देवाच्या फळीशेजारी तो छोटा कॅमेरा बसवला होता.

"हे काय गं?" केराबाईंनी विचारलं होतं.

"चोरासाठी, आत्या."

"चोर काय न्हेणार? माजी चप्पल?" असं म्हणून त्या खूप हसल्या होत्या आणि नंतर त्या डोळ्याकडं त्यांनी कधी वर मान करून पाहिलंही नव्हतं.

गेम बिरुदेवाचा. वीज केंद्रातली शिफ्ट संपवून आला की अर्धा तास मारामारी करायची आणि मग झोपायचं, हा त्याचा जुना शिरस्ता. दिवाळीत एकदा केराबाई मागं बसून शेंगा सोलत होत्या. बघता बघता म्हणाल्या, "दे बगू हिकडं. तुला काय जमंना झालंय." बिरुदेवानं गंमत म्हणून रिमोट दिला आणि तो त्याला त्या दिवशी परत मिळालाच नाही.

त्या गेममध्ये लढणाऱ्यांची भलीमोठी रांग होती. कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या तोंडातून जाळ, कुणी अंगावर चिंधीएवढंच ल्यालेलं. केराबाईंनी मात्र पहिल्या दिवशी निवडली ती पांढऱ्या केसांची, कमरेला पदर खोचल्यासारखा पट्टा बांधलेली बाई. "ही आपल्यातली दिसती," म्हणाल्या. बाकीच्यांना त्यांनी आपल्या विकलेल्या शेळ्यांची नावं देऊन टाकली. उड्या मारणारी ती बांडी, कपाळावर झुलूप आलेला तो तुऱ्या, उगाच किंचाळणारी ती भोरी.

बिरुदेवानं आईला दहा प्रकारचे डाव शिकवून पाहिले. त्यांनी उचलले ते तीन-चारच: पुढं जायचं, मागं सरायचं, लाथ घालायची आणि मार अडवायचा. "बाकीची बटनं कशाला केली असतील गं?" असं त्या पिंकीला विचारत. लढाईही त्यांची न्यारीच. समोरच्यावर तुटून पडायचं नाही. एकेक पाऊल पुढं टाकत, तो डावीकडं सरकला की आपणही सरकून, त्याला हळूहळू पडद्याच्या कडेला न्यायचं. कोपऱ्यात पोचला की वाट आडवून उभं राहायचं. उडी मारून सुटू बघेल तर एक लाथ. पडला तर आपण अर्धं पाऊल मागं, उठू द्यायचा त्याला. घड्याळ सरलं की ज्याचा दम जास्त उरला तो जिंकला, असा त्या खेळाचा नियम होता. तेवढ्या जोरावर त्या कधीमधी जिंकतही.

"आई, ही काय लढाई हाय? राखण हाय राखण!" बिरुदेव कपाळाला हात लावायचा.

"मारून काय मिळतंय रं? दमलं की आपसूक गप हुतंय."

आणि तुऱ्यानं डोक्यावरून उडी मारून मागनं जाळ ओकला की केराबाई हरायच्या आणि पोट धरून हसायच्या. "गेलं बग कुंपण मोडून!" जिंकल्यावर हसत नसतील इतक्या त्या हरल्यावर हसायच्या.

ऋतुजाला हसू येत नसे. कॉलेजात तिला बालमानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यातलं बाकी सगळं ती विसरली होती, भीती तेवढी उरली होती. लाथा, जाळ, किंकाळ्या, आणि त्यासमोर आपलं चार वर्षांचं लेकरू! पण आत्यांना म्हणायचं कसं? दिवसभर त्या पोरीला सांभाळतात, भरवतात, निजवतात. त्यांना दुसरं काय होतं त्या तिसऱ्या मजल्यावर? ना माळ, ना शेळ्या, ना ओट्यावर बसायला आलेल्या बाया. तोंडाशी आलेलं ती रोज गिळत होती.

शुक्रवारी बालवाडीच्या बाईंचा फोन आला आणि गिळायचं संपलं.

"पिंकीनं आज वर्गातल्या गुरूला कोपऱ्यात कोंडलं हो. हात पसरून उभी राहिली, सोडेचना. पोरगं रडून रडून लाल. घरी काही मारामारीचं बघते का ती?"

ऋतुजा अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. चप्पलसुद्धा न काढता तिनं टीव्हीमागची वायर उपसली. डाव रंगात आलेला. केराबाई काळ्या झालेल्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"लाइट गेली?"

"नाही आत्या. आता हे बंद. पिंकी शाळेत पोरांना कोंडते, मारते. बाईंचा फोन आला होता."

"मारती? आपली पिंकी?"

"दुसरं काय होणार? दिवसभर तिच्यासमोर हेच चालतं. मी बघते ना ऑफिसमधनं! काल दुपारी पण..."

बोलता बोलता ती थांबली, पण वाक्य सुटून गेलं होतं.

केराबाईंनी सावकाश मान वर केली आणि देवाच्या फळीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला.

"म्हंजी ते चोरासाटी न्हवतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"आत्या, तसं नाही ओ..."

"असू दे. तुजं लेकरू हाय. काळजी असती." भिंतीचा आधार घेत त्या उठल्या. "मला वळसंगला सोडा. शंकरप्पाकडं ऱ्हाते थोडं दिस."

शंकरप्पा म्हणजे थोरले दीर. थोडं दिस म्हणजे किती, हे दोघींनाही समजलं होतं. गेलेलं माणूस एकदा तिकडं रमलं, किंवा रमल्याचं दाखवायला लागलं, की परत कशाला येतंय? ऋतुजाची नोकरी जाणार होती, पण त्या क्षणी तिला त्याचं काही वाटलं नाही. केराबाई हॉलमध्ये डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागल्या, जेवायला स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागल्या, तिथं कॅमेरा पोचत नव्हता. हे तिला जास्त टोचलं. बिरुदेवानं दोन्हीकडं समजूत घालून पाहिली. बायकोला तो एवढंच म्हणाला, "सांगून लावला असतास तर ती त्याच्याम्होरं नाचली असती गं."

रविवारी संध्याकाळी शंकरप्पा गाडी घेऊन येणार होते. दुपार कलल्यावर केराबाई पिशवीत लुगडी भरू लागल्या. ऋतुजाला ते बघवेना. पिंकीला घेऊन ती खाली पार्किंगमध्ये आली.

तिथं बालवाडीतला गुरू होताच. शेजारच्याच इमारतीत राहायचा. पोरं खेळायला लागली, ऋतुजा पायरीवर बसली. थोड्या वेळानं गुरूच्या आईनं जिन्यातून हाक मारली, "गुरू, चल खायला!" गुरू कसला जातोय! तो गाड्यांच्या मधून पळत सुटला. तशी पिंकी उठली. कमरेत वाकली, दोन्ही हात पसरले आणि जिभेनं टकटक आवाज काढत त्याच्यासमोर उभी राहिली. तो डावीकडं गेला, ती डावीकडं. तो मागं सरला, ती एक पाऊल पुढं. "हुर्र, हुर्र!" गुरू धडपडून पडला तेव्हा ऋतुजा उठणारच होती, पण पिंकी अर्धं पाऊल मागं सरकली आणि तो उठेपर्यंत थांबली. मग पुन्हा हात पसरून, पाऊल पाऊल करत, तिनं त्याला थेट त्याच्या आईच्या पायाशी नेऊन पोचवलं. गुरू खिदळत होता.

"बरं झालं बाई," त्याची आई म्हणाली. "नाहीतर रोज मला पळावं लागतं मागं."

ऋतुजानं पोरीला जवळ ओढलं. "पिंकी, शाळेत पण असंच केलंस?"

"बाई म्हणाल्या सगळे आत बसा. गुरू बसेचना. म्हणून आणलं त्याला."

"मग रडला कशानं तो?"

"त्याला घसरगुंडीवर जायचं होतं."

"आणि मारलंस त्याला?"

पिंकीनं आईकडं असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का हिला. "मारायचं न्हाय. मारलं की उधळतात. नुसती वाट आडवायची, आज्जी म्हणती."

ऋतुजा जिना चढून वर आली तेव्हा पिशवी दाराशी ठेवलेली होती. केराबाई तिच्याशेजारी पाटावर बसल्या होत्या, स्टँडवर बसावं तशा. ऋतुजानं माफीची वाक्यं जिन्यातच जुळवली होती, ती सगळी दारातच सांडली. ती सरळ देवाच्या फळीशी गेली. कॅमेरा काढायला हात घातला, पण तो निघेना. स्क्रू नव्हता आडवा आला, तीच आली होती आडवी. उद्या ऑफिसात बसून आपण काय करू, या विचारानं तिनं हात मागं घेतला. शेवटी तिनं कॅमेरा नुसता फिरवला. हॉलकडची त्याची पाठ झाली, तोंड दाराकडं.

"आता खरंच चोरासाठी," ती म्हणाली. मागं वळायचा तिला धीर होईना.

केराबाई म्हणाल्या, "चोर दारातनंच येतंय की."

ऋतुजानं टीव्हीची वायर लावली. खणातून दुसरा रिमोट काढला आणि फरशीवर, सोफ्याला टेकून बसली. "मला शिकवा, आत्या."

"आता? शंकरप्पा येतोय."

"एकच."

केराबाईंनी गुडघा सांभाळत बैठक मारली. पदर घसरला, तो त्यांनी उचलला नाही. ऋतुजानं घाईघाईत भोरी घेतली. डाव सुरू झाला आणि तिनं जी सापडतील ती बटणं बडवायला सुरुवात केली. भोरी किंचाळत होती, हवेत गिरक्या घेत होती, आपल्याच सावलीला लाथा घालत होती. पिंकी टाळ्या पिटत होती. पांढऱ्या केसांची बाई शांतपणे एकेक पाऊल पुढं येत होती. बघता बघता भोरी पडद्याच्या कडेला गेली आणि तिथून तिला हलता येईना.

"आत्या, सोडा की!"

"थांब जरा."

"अहो, पण मला काहीच करता येईना!"

"मग नको करू. किती हात मारतीयास गं! कोण खातंय तुला? दम घे. हितंच उबी ऱ्हा, मी हाय की म्होरं."

ऋतुजाची बोटं थांबली. पडद्यावर दोघी बाया समोरासमोर उभ्या राहिल्या, श्वास घेतल्यासारख्या जरा हलत. घड्याळ उतरत गेलं. तिच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला, पण तिनं तो घेतला नाही. मग केराबाईंचा साधा फोन खणखणला. त्यांनी एका हातानं तो कानाला लावला, दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र बटणावरून ढळू दिला नाही.

"व्हय रं शंकरप्पा. कुटं हायस? निगायचा हायस अजून? मग नको निगू." त्यांनी ऋतुजाकडं एक नजर टाकली. "आज न्हाय जमायचं. सूनबाई कोपऱ्यात हाय, सोडून कशी येऊ?"